श्रावणाचा अंक श्रावणात

आमच्या घरमालकांना गाईची भीती वाटत असे. म्हशीची त्याहून जास्त. नाशिकला पंचवटीतल्या आमच्या गल्लीत एखादी मोकाट गाय आडवी उभी असली की ते दारातूनच मागे फिरायचे आणि बायकोला सांगायचे, "दूध तूच आण, मला जरा लिहायचं आहे." गवतावर बसलं की त्यांना शिंका यायच्या. चिखल तर त्यांना बघवत नसे. आणि हा माणूस जन्मभर कशावर जीव टाकून बसला होता, तर खेड्यातल्या गोष्टींवर. गोठे, खळी, मळणी, पाणंद, ओढ्याकाठच्या भेटीगाठी, असं सगळं ज्यात असेल ती कथा-कादंबरी त्यांच्या घरात हमखास सापडायची. मात्र पुस्तकांत नाही. जुन्या मासिकांत.

सगळे त्यांना सर म्हणायचे, मीही सरच म्हणायचे. कॉलेजात मराठी शिकवून ते निवृत्त झाले होते. नव्वदच्या दशकात मी अंबडच्या एका कंपनीत स्टोअर विभागात लागले आणि त्यांच्या माडीवरची खोली बघायला गेले. गाव कुठलं, पगार किती, लग्न कधी, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "घरी मासिक येत होतं का कुठलं?"

मी सटाण्याकडच्या शेतकऱ्याची मुलगी. आठवून सांगितलं, "कांद्याच्या बियाण्याच्या कंपनीचं एक पत्रक यायचं."

"नियमित?"

"हो, दर महिन्याला."

"मग ठीक आहे. या राहायला."

खालच्या घरात मासिकं नव्हती अशी जागा नव्हती. पलंगाखाली होती, माळ्यावर होती, देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात होती. कसर लागू नये म्हणून त्यांत कडुनिंबाचा पाला घातलेला असे, त्यामुळे त्या घरात शिरलं की आधी तो कडवट वास यायचा. काकूंचं माहेरचं लाकडी कपाटही अंकांनी भरलेलं होतं. काकू त्यावर भांडत नसत. "माझ्या कपाटात साड्या सोडून सगळं आहे," एवढंच पाहुण्यांना हसत सांगायच्या आणि चहा टाकायला जायच्या.

सर मराठी मासिकांचा इतिहास लिहीत होते. कधीपासून, ते काकूंनाही नक्की आठवत नव्हतं. मासिक कुणी काढलं, कशासाठी काढलं, किती दिवस चाललं आणि कसं बंद पडलं, याचं एकेक प्रकरण. ते म्हणायचे, "जन्माची तारीख सापडते गं. पहिल्या अंकात 'आमची भूमिका' म्हणून संपादकानं छाती काढून लिहिलेलं असतं. मरणाची सापडत नाही. शेवटच्या अंकातसुद्धा 'वर्गणीदारांना नम्र विनंती' छापलेली असते. आपण मेलोय हे मासिकाला कळतच नाही." हे सांगताना त्यांचा आवाज खरोखर बसायचा. जवळचं माणूस गेल्यासारखा.

इतिहास पुढे का सरकत नव्हता, त्याला कारण त्यांचा एक नियम होता. जुनं मासिक त्याच्या महिन्यातच वाचायचं. श्रावणाचा अंक श्रावणात, पौषाचा पौषात. कारण संपादकानं तो त्या महिन्यासाठी काढला होता आणि वाचकानं त्याच महिन्यात वाचला होता. आपण गठ्ठा घेऊन आठवड्यात फडशा पाडायचा ही बेइमानी आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यातही क्रमशः कादंबरी असेल तर पुढचं पान उलटून बघायचं नाही. महिनाभर थांबायचं. एका वर्षी अधिक महिना आला, तर तो अख्खा महिना सर रिकामे बसून राहिले, कारण तेव्हा वाचायला घेतलेलं मासिक निघालं त्या वर्षी अधिक महिना नव्हता. काकूंनी त्यांच्याकडून घराचे पंखे पुसून घेतले.

मला सुरुवातीला त्यांचा रागच यायचा, खोटं कशाला बोलू. शेतात राबून आलेल्या माणसापुढे कुणी चांदण्यातल्या खळ्याचं वर्णन वाचू नये. आमच्याकडे खळ्यावर चांदणं पडायचं तेव्हा मला धुराळ्यानं खोकला झालेला असायचा. मी गाव सोडून आले ती वडिलांशी भांडून, आणि परत जायचं माझ्या मनात नव्हतं. सरांना मी हे एकदा तोंडावर सांगितलं. ते अजिबात रागावले नाहीत. "बरोबर आहे तुझं," म्हणाले. "हे लिहिणारे गाव सोडून आलेले, नाहीतर गाव न पाहिलेले. गावात राहणाऱ्याला कशाला हवी गावाची गोष्ट? पण हवंसं वाटणं तर खरं आहे ना?"

पुढे सर ही मासिकं एका मळ्यावर वाचून दाखवू लागले, त्याची सुरुवात बाजारात झाली. आमच्या कोपऱ्यावर मखमलाबादच्या मथुराबाई भाजी घेऊन बसत. मेथी, कोथिंबीर, सणावाराला झेंडू आणि शेवंती. एका चैत्रात सर एक अंक हातात धरून त्यांच्यापुढे उभे राहिले आणि विचारू लागले, "मथुराबाई, शेवंती चैत्रात फुलते का हो?"

"चैतात? नाय वो मास्तर. कोण म्हनतं?"

"इथं लिहिलंय. सगुणानं वेणीत माळली."

"कोन सगुणा?"

सर सांगू लागले. सगुणा ही एका क्रमशः कादंबरीतली कोरडवाहू शेतकऱ्याची सून. नवरा शहरात गिरणीत गेलेला, तिकडून बोलावणं येईना, घरी सासू आणि एक म्हैस. त्या मासिकाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ते वर्षभरच चाललं, आणि सरांकडे त्याचे चैत्र ते फाल्गुन सगळे अंक होते. मथुराबाईंनी जुडी हातात तशीच धरून ऐकलं. मागे गिऱ्हाइकं खोळंबली तेव्हा म्हणाल्या, "हे असं उभ्यानं नाय. मळ्यावर या ऐतवारी दुपारून. आमच्या सुमनला बी ऐकू द्या."

सरांना स्कूटर येत नव्हती. मला येत होती. त्यामुळे महिन्यातल्या एका रविवारी सर माझ्या मागे बसून मखमलाबादला जाऊ लागले. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पिशवीतला अंक. धरायला हात उरत नसे, म्हणून ते खड्डा आला की फक्त "राम" म्हणत. गल्लीत थोडी कुजबुज झाली. काकूंनी तीही एका दुपारी ओट्यावर बसून मिटवली. "त्यांना गाय आली की उतरवून घ्यावं लागतं, तेवढंच काम आहे तिला," असं त्यांनी शेजारणींना सांगितलं.

मळ्यावर आंब्याखाली सावलीत मथुराबाई आणि त्यांची सून सुमन जुड्या बांधत बसायच्या. सरांना गवताची बाधा नको म्हणून लोखंडी खुर्ची, तिच्याखाली गोणपाट. गोठा दिसणार नाही अशा बाजूला तोंड करून सर वाचायला बसत. कॉलेजात मी त्यांना ऐकलं नव्हतं, पण तिथे मुलं हजेरी लागली की मागच्या दारानं जायची, हे त्यांनीच सांगितलं होतं. इथे सगुणाच्या सासूनं दार लावून घेतलं की सुमनच्या हातातलं जुडी बांधायचं पातं गळून पडायचं. सर तेवढ्यात चष्म्यावरून बघून घेत. त्या वेळचा त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. इतका सुखी माणूस मी फार वेळा पाहिलेला नाही.

कादंबरीतली शेती मात्र भयंकर होती. श्रावणाच्या अंकात लेखकानं बाजरीची मळणी काढली. मथुराबाईंनी कपाळाला हात लावला. "आत्ता कुठं कणीस येतंय तिला. हिरवी मळली का काय?" भाद्रपदात म्हैस व्याली आणि दुसऱ्या दिवशी सगुणानं तिच्या दुधाचा चहा करून पाहुण्याला दिला. त्यावर सासू-सुना इतक्या हसल्या की सरांना वाचन थांबवावं लागलं.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"अवो, चीक असतो तो. च्या फाटंल की," सुमन म्हणाली.

सर माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली. त्यांनी अंकाच्या समासात पेन्सिलीनं बारीक टीप केली. पण गंमत अशी की पीक चुकलं म्हणून त्या दोघींनी गोष्ट कधी सोडली नाही. महिनाभर बाजारात येता-जाता मथुराबाई विचारायच्या, "गिरणीतून सांगावा आला का?" आणि सर म्हणायचे, "मलाही माहीत नाही. पुढच्या महिन्यात." त्यांना खरंच माहीत नसायचं.

शेवटी शेवटी सर सांगू लागले, "फाल्गुनात सगळा उलगडा होईल." फाल्गुनाचा अंक त्या मासिकाचा शेवटचा, हे त्यांना ठाऊक होतं. इतिहासाच्या प्रकरणात त्यांनी एक वाक्यही आधीच लिहून ठेवलं होतं: 'ही कादंबरी पूर्ण होताच मासिकाने वाचकांचा निरोप घेतला.' हे वाक्य त्यांचं फार आवडतं होतं. मला दोनदा वाचून दाखवलं होतं.

फाल्गुनातल्या रविवारी मळ्यावर शेजारच्या वस्तीवरच्या बायकाही आल्या होत्या. सगुणाची सासू वारलेली. नवऱ्याचं पत्र आलेलं, 'ये'. सगुणा गाठोडं घेऊन गावाच्या फाट्यावर येते. लांबून मोटारीचा आवाज येतो. ती मागे वळून गावाकडे बघते. सरांनी पान उलटलं. पुढे तेलाची जाहिरात होती. त्यांनी पान परत उलटलं. खाली लहान अक्षरांत छापलं होतं: पुढील अंकी.

मग मथुराबाई म्हणाल्या, "म्हंजी चैतात कळंल."

सर "हो" म्हणाले. दुसरं काय म्हणणार. येताना स्कूटरवर खड्डे आले तरी मागून आवाज आला नाही.

मासिकाचं मरण तोंडपाठ असलेल्या माणसाला कादंबरीही त्याच्यासोबत गेलीय हे कळलं नव्हतं, आणि ते का, तर नियम पाळायचा म्हणून त्यानं शेवटचं पान कधी उघडलंच नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झाली नसती. ते आवडतं वाक्य त्यांनी खोडलं आणि पुढे लिहायचंच थांबले. बाजारात जाताना लांबच्या गल्लीनं जाऊ लागले. मथुराबाई काकूंजवळ कोथिंबीर जास्तीची द्यायच्या आणि विचारायच्या, "मास्तरांना बरं नाय का?" मी सरांना म्हटलं, सरळ सांगून टाका ना, मासिक बंद पडलं म्हणून. ते म्हणाले, "सांगता येईल. पण मग त्या मला कशाला बोलावतील?" हे त्यांनी अगदी साधेपणानं म्हटलं आणि मला फार वाईट वाटलं. आयुष्यात त्यांना मन लावून ऐकणारी माणसं मिळाली होती ती त्या आंब्याखाली, आणि त्यांच्यापुढे रिकाम्या हातानं जायची त्यांना लाज वाटत होती. शिवाय नियम होताच. चैत्राचा हप्ता चैत्रातच, तो उलटला की पुढच्या चैत्रापर्यंत थांबायचं.

त्यांनी ओळखीच्या सगळ्या ग्रंथपालांना आणि रद्दीवाल्यांना कार्डं टाकली. चैत्र निम्मा झाला तेव्हा एकाचं उत्तर आलं. कादंबरीचा लेखक हयात होता. येवल्यात, मुलीकडे.

आम्ही एसटीनं येवल्याला गेलो. लेखक ओसरीत खाटेवर बसले होते, आत जावयाच्या हातमागाची खटखट चालली होती. ऐंशीच्या पुढचे, कान थोडे मंद, डोळे मात्र चलाख. सरांनी पिशवीतून बाराही अंक काढून त्यांच्यासमोर ठेवले. ते हसले. "अजून आहेत? माझ्याकडे एकही नाही."

सरांनी गावाचं नाव विचारलं, ज्यावरून कादंबरी लिहिली ते. लेखक म्हणाले, "गाव कुठलं हो. मुंबईत कारकून होतो मी. खोलीला एक खिडकी, ती जिन्यात उघडायची. संपादक म्हणाले, सध्या ग्रामीण चालतंय, द्या काहीतरी. मला आवडायचं ते लिहायला. खिडकी लावून घेतली की गाव दिसायचं. बाजरी म्हणाल तर मी भाकरीच्या रूपातच पाहिलेली."

"आणि शेवट? शेवट काय ठरवला होता?"

"ठरवला नव्हता. महिन्याला एक हप्ता. सगुणाला नेऊन उभी केली फाट्यावर, म्हटलं पुढच्या महिन्यात बघू. पुढचा अंक आलाच नाही. मासिक बंद झाल्याचं मलाही तुमच्यासारखंच कळलं."

"म्हणजे ती तिथेच उभी आहे," सर म्हणाले. "चाळीसेक वर्षं."

लेखकांनी फाल्गुनाचा अंक उचलून शेवटचं पान काढलं. मग सरांनी मळ्यावरचं सगळं सांगितलं. आंबा, जुड्या, फाटलेला चहा, वस्तीवरून आलेल्या बायका. ते ऐकताना लेखक हळूहळू पुढे सरकत खाटेच्या कडेवर आले. "मला न्याल का तिथे?" त्यांनी विचारलं. "माझी गोष्ट ऐकणारं माणूस मी कधी पाहिलेलं नाही. अंक छापून यायचा, पोस्टात जायचा, आणि मग काही नाही." मुलगी नको नको म्हणत होती. पण पुढच्या रविवारी, चैत्र संपायला आला असताना, तिनंच त्यांना नाशिकच्या गाडीत बसवून दिलं. मखमलाबादला जायला मी रिक्षा केली.

मथुराबाईंनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. "ते तुमीच का? म्हशीच्या चिकाचा च्या करनारे?"

"मीच," लेखक म्हणाले.

"पीकपानी तुमाला काय बी कळत नाय."

"नाही कळत."

मथुराबाईंनी बांधलेली जुडी बाजूला ठेवली. "पर एक इचारू का? सासूनं सगुनाच्या ताटातल्या भाकरी मोजल्या, तवा ती रडली नाय, हसली. ते तुमाला कसं ठाव? तवा हसूच येतं."

"माझी आई हसायची," लेखक म्हणाले.

सुमननं त्यांना पाणी आणून दिलं. आता पुढचं सांगा, असं कुणी म्हटलं नाही, पण सगळ्या बायका थांबल्या होत्या. लेखक म्हणाले, "मला खरंच माहीत नाही. तुम्हीच सांगा, तिनं काय करावं?"

मला वाटलं होतं सुमन म्हणेल जाऊ दे, आणि मथुराबाई म्हणतील माघारी फिर. झालं उलटंच. सुमन म्हणाली, "जायची कशी? म्हशीकडं कोन बघंल? मानूस लगेच इसरतं, जनावर नाय." त्यावर वस्तीवरच्या दोघी तिच्या बाजूनं झाल्या, एक विरोधात गेली, आणि चांगलाच गलका झाला. लेखक प्रत्येकीकडे मान वळवून वळवून बघत होते. मग त्यांनी मधेच हात वर केला आणि विचारलं, "चैत्रात रानात काय असतं हो? कोरडवाहू रानात?"

"चैतात?" मथुराबाई म्हणाल्या. "काय नसतं. गहू-हरभरा निघून घरात आलेला. रान मोकळं. नांगरून टाकायचं आन वाट बघायची."

"म्हणजे तिच्यावाचून काही अडणार नाही?"

"मिरगापतूर काय बी नाय अडत."

"मग तिला जायला हरकत नाही," लेखक म्हणाले.

आणि त्यांनी तिथेच सांगायला सुरुवात केली. हातात कागद नव्हता. मोटार येते, धुराळा बसतो. सगुणा मागे वळून बघते तर रान मोकळं आहे. कापायचं काही राहिलेलं नाही, खुडायचं काही राहिलेलं नाही. म्हैस शेजारणीच्या दावणीला बांधून आलेय, हे तिला आठवतं, आणि सुमननं इथे "हं" केलं. ती गाठोडं आत सारते. ड्रायव्हर विचारतो, कुठं? ती पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडानं शहराचं नाव घेते. बस्स, एवढंच. फार तर पाच मिनिटं लागली असतील.

मथुराबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "बरं झालं," म्हणाल्या. "लय दिस उभी व्हती. पाय दुखले आसतील तिचे."

मला त्या क्षणी एकदम हलकं वाटलं. सटाण्याच्या स्टँडवर मी बॅग घेऊन बसमध्ये चढले तेव्हा वडील खाली उभे होते आणि मीही मागे वळून बघितलं होतं. इतकी वर्षं कुणीतरी 'बरं झालं' म्हणावं असं मला वाटत होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

सर खुर्चीवरून उठून गोणपाटाच्या बाहेर, सरळ गवतात उभे होते आणि शिंका येत होत्या त्या त्यांनी येऊ दिल्या.

मळ्यावरचं वाचन त्यानंतरही बरीच वर्षं चाललं, दुसऱ्या मासिकांचं. मी पुढे इंदिरानगरला फ्लॅट घेतला, तरी वाचनाच्या रविवारी स्कूटर घेऊन यायचे. लेखक एकदा हुरड्याला येऊन गेले आणि हुरडा म्हणजे काय ते त्यांना तेव्हा कळलं. सरांचा इतिहास दोन हजारनंतर कधीतरी पुरा झाला. पुण्याचे एक प्रकाशक तयार झाले आणि मुद्रितं घेऊन स्वतः घरी आले. मी त्या दिवशी काकूंना बाजारात न्यायला आले होते, म्हणून ते बोलणं मला ऐकायला मिळालं.

प्रकाशक त्या मासिकाच्या प्रकरणावर अडले होते. सरांनी शेवटी लिहिलं होतं की कादंबरीचा अखेरचा हप्ता मखमलाबादच्या मळ्यात चैत्रात तोंडी प्रसिद्ध झाला, आणि त्याच दिवशी मासिक बंद झालं. प्रकाशक बिचारे समजावत होते, "सर, बाकी सगळं पुराव्यानं लिहिलंय तुम्ही. एवढ्या एका नोंदीवरून टीकाकार सगळं पुस्तक मोडीत काढतील. ते मासिक बंद पडून तेव्हा चाळीस वर्षं झाली होती."

"पडलं नव्हतं," सर म्हणाले. "वाचकाला पुढील अंकी म्हणून सांगितलं होतं ना त्यांनी? ते सांगून होईपर्यंत मासिक चालू असतं."

प्रकाशकांनी काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "चहा घ्या." छापील पुस्तकात ती नोंद जशीच्या तशी आहे.